शुक्रवारचा धूर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. वरच्या मजल्यावरच्या टीचरबाईंचा दमा दर शुक्रवारी उसळायचा, तो माझ्यामुळे.

शुक्रवारी संध्याकाळी निखाऱ्यांवर सांब्राणी टाकायची, धुरानं घर भरायचं, ही आमच्याकडची आईपासूनची रीत. पण घर भरलं की बायको खोकते, पडदे काळवंडतात. म्हणून देवाला दाखवून झालं की धुपाटणं मी बाथरूममध्ये ठेवायचो आणि डक्टकडची खिडकी उघडायचो. सगळ्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या त्याच डक्टमध्ये उघडतात. थोड्या वेळानं वरून खोकला ऐकू यायचा. मी खिडकी लावली नाही.

त्यात मी अपार्टमेंटचा सेक्रेटरी! भिंतींची ओल काढली, डासांच्या कॉइल बंद करवल्या. तरी शुक्रवार चुकेना. मग मीटिंगमध्ये मी दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या बाल्कनीत दाणे टिपायला येणाऱ्या कबुतरांकडे बोट दाखवलं. विष्ठेनं दमा वाढतो, हे खोटं नव्हतं. पण कबुतरं काही वार बघून येत नाहीत. बाल्कनीला जाळी लावायचं ठरलं.

आजोबा म्हणाले, "आयतु, ठीक आहे, सेक्रेटरी. पण उद्यापासून येऊ नका, हे कबुतरांना तुम्हीच सांगा. त्यांना कन्नडच कळतं, तुमचं मराठी चालेल का बघा."

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं.

टीचरबाई लिफ्टमध्ये भेटल्या. "अय्यो, माझ्या दम्यानं शुक्रवार धरलाय हो! एरवी स्वल्प बरी असते."

"मग उद्यापन करून टाका त्याचं," मी म्हणालो.

"करते की. पण तुमच्या घरच्या सांब्राणीचा वास काय छान येतो हो! तेवढंच मनाला बरं वाटतं."

पुढच्याच शुक्रवारी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं, दवाखान्यात न्यायला. ओठ निळसर झाले होते. खुर्चीचा एक पाय मी धरला होता.

त्याच आठवड्यात जाळी लागली, आणि तेव्हापासून आमच्याकडे धूरही नाही. चांगले निखारे मिळत नाहीत, असं बायकोला सांगितलं. टीचरबाईंचे शुक्रवार आता सुखाचे जातात. श्रेय त्या जाळीला देतात आणि जिन्यात आजोबांना चिडवतात, "तुमच्या पाहुण्यांनी मला वर पोचवलं असतं की हो, अज्जा!"

आजोबा पूर्वी उलट टोला द्यायचे. आता मान खाली घालून बाजूला होतात.

टीचरबाईंना खरं सांगायचं आणि त्यांच्यादेखत आजोबांची माफी मागायची, एवढं माझ्याकडून राहिलं आहे.