आमच्या व्याह्यांचं पार्किंग

आमच्या व्याह्यांनी उभ्या आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही, पण इंग्लंड-स्कॉटलंडमधलं एकही शहर असं नसेल जिथे त्यांनी गाडी लावलेली नाही. बाथमध्ये कुठल्या चढावर बायकामाणसांचे गुडघे धरतात, एडिंबरात रोषणाईच्या दिवसांत कुठला रस्ता दुपारनंतर बंद होतो, यॉर्कला नदीच्या कोणत्या बाजूला शनिवारीसुद्धा जागा मिळते, हे सगळं त्यांना यिशुनच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बनियनवर बसून ठाऊक असतं. यिशुन सिंगापूरच्या पार उत्तरेला आणि आम्ही पूर्वेला बेडोकमध्ये. आमच्याकडे यायचं तर हा गृहस्थ एमआरटीने निघतो आणि मध्ये ट्रेन बदलताना हमखास चुकीच्या फलाटावर उभा राहतो. तीस वर्षं या शहरात काढून ही अवस्था. मँचेस्टर मात्र तोंडपाठ.

मँचेस्टर तोंडपाठ असायचं कारण म्हणजे माझी मुलगी मधुरा आणि त्यांचा मुलगा निखिल. दोघंही इथेच वाढलेली. लग्नही इथल्याच मराठी मंडळींच्या ओळखीतून जमलं आणि लग्नानंतर नोकऱ्यांच्या निमित्ताने दोघं तिकडे गेली. लग्नात मुलाकडच्यांचा मानपान असतो म्हणून मी व्याह्यांना शालबिल द्यायला गेलो, तर ते माझा हात धरून म्हणाले, "शाल राहू द्या. हॉलच्या तळघरात गाड्या उलट्या दिशेने सोडतायत, तिकडे चला आधी." वऱ्हाड अक्षता टाकत होतं तेव्हा मुलाचा बाप तळघरात हातवारे करून पाहुण्यांच्या गाड्या लावून घेत होता. विहीणबाईंच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही, त्यावरूनच या घराची कल्पना मला यायला हवी होती.

पण त्यांचा तरी काय दोष? नोकरीच तशी. सिंगापूरच्या बंदरात कुठलं जहाज कुठल्या धक्क्याला कधी लावायचं हे ठरवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाले आणि हातातली जहाजं गेली. मग काही दिवस ते आमच्याकडे येऊन माझ्याबरोबर समुद्रकाठी फिरायला लागले. समुद्रात नांगर टाकून उभी असलेली जहाजं बघून लोकांना बरं वाटतं, यांचा जीव खालीवर व्हायचा. "ते तांबडं बघा, परवापासून तिथेच आहे. कोणीतरी झोपा काढतंय." एकदा त्यांनी खरोखरच जुन्या ऑफिसात फोन लावला. पलीकडच्या तरुण मुलीने अंकल, अंकल करत अतिशय गोड आवाजात त्यांना प्रकृतीची काळजी घ्यायला सांगितलं. त्यानंतर समुद्रकाठी येणं त्यांनी सोडलं.

अशा मोकळ्या माणसाच्या हाती एका रविवारी ब्रिटनमधली शहरं लागली. रविवारी संध्याकाळी आम्ही चौघं म्हातारे एकत्र जेवायचो आणि मुलांना व्हिडिओ कॉल करायचो. त्या दिवशी कॉल लागला तेव्हा मुलं गाडीत होती. पानगळीची कसलीशी जत्रा बघायला दुसऱ्या गावात गेली होती आणि गाडी लावायला जागा मिळत नव्हती. कॉल चालू आहे हे दोघंही विसरली. "एनीव्हेअर ऑल्सो कॅन, लाह, निखिल. जस्ट पार्क." "एनीव्हेअर व्हेअर? यू टेल मी व्हेअर." मग आवाज चढले, मग पार्किंग मागे राहिलं आणि मधुरा रडत म्हणाली की तुझ्याशेजारी बसलं की मला श्वास घेता येत नाही. मग कॉल बंद झाला. विहीणबाई कढी वाढत होत्या, त्यांनी वाढायची तेवढी वाढली. व्याह्यांनी हात धुतले, नीट पुसले आणि म्हणाले, "जागा मिळाली नाही म्हणून हे. दुसरं काही नाही."

दुसरं पुष्कळ काही होतं. मधुराने तिच्या आईला आधीच सांगितलं होतं की दोघं वेगवेगळ्या खोल्यांत झोपतात. पण व्याह्यांचा सिद्धांत त्या रात्रीच्या जेवणावर पक्का झाला. नवरा-बायकोचं पटत नाही असं नसतंच मुळी, बाहेर पडल्यावर आयत्या वेळी जागा मिळत नाही, डोकी तापतात आणि त्या तापलेल्या डोक्यांनी माणसं भलतंसलतं बोलून जातात, आणि बोललेलं मग घरी येतं. तेव्हा या दोघांचा एकेक दिवस जर कोणी आधीच नीट आखून दिला, तर संसार आपोआप मार्गी लागेल. आणि असा दिवस आखायला जगात सध्या एकच माणूस रिकामा होता.

सिंगापुरात बारा महिने एकच ऋतू, घामाचा. व्याह्यांनी बाकीचे ऋतू ब्रिटनमधून मागवले. ट्यूलिपची बाग झाली, उन्हाळ्यातली फुग्यांची जत्रा झाली, नोव्हेंबरातली शेकोटी आणि आतषबाजी झाली, लेस्टरची दिवाळीची रोषणाई झाली. प्रत्येक वेळी मुलांना फोनवर लांबलचक मेसेज जायचा: कुठल्या वळणावर कुठल्या रांगेत राहायचं, कुठल्या पार्किंगचं छत बुटकं आहे, परतताना कुठल्या दाराने निघायचं, आणि मध्येच, "इथे थांबून मधुराला कॉफी घेऊन देणे." चुका व्हायच्या, पण त्यासुद्धा इथल्या मातीतल्या. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी टेकडीवरच्या एका पार्किंगमधून संध्याकाळी सहाचा सूर्यास्त बघायचं ठरवून दिलं. सिंगापुरात सूर्य वर्षभर सातच्या सुमाराला, ऑफिस सुटल्यासारखा, मावळतो. तिकडे डिसेंबरात चारलाच मिट्ट काळोख होतो हे यांच्या गावीही नव्हतं. मुलं काळ्याकुट्ट टेकडीवर बंद गाडीत थंड सँडविच खात बसली. निखिलने फोटो पाठवला, त्यात नुसता काळा रंग होता. व्याह्यांनी तो मोठा करून करून बघितला आणि विचारलं, "गाडी तर सपाटीवर लागली ना?"

यॉर्कच्या नाताळच्या बाजाराची आखणी ही त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी. त्यासाठी त्यांनी तालीमसुद्धा केली. पार्किंगपासून बाजारापर्यंत जेवढं चालायचं तेवढंच अंतर त्यांनी यिशुनच्या इमारतींभोवती मोजून काढलं आणि विहीणबाईंच्या हातात दोन पिशव्या देऊन त्यांना चालायला लावलं, कारण येताना मधुराचे हात भरलेले असणार. स्वतः लोकरीचा कोट घालून मागे. इमारतीखाली मोकळ्या जागेत बसणारे एक चिनी आजोबा रोज विचारायचे, "अंकल, गो व्हेअर?" व्याही म्हणायचे, "यॉर्क." आजोबा मान डोलवायचे, "वा, सो फार, आह." विहीणबाई एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "चालते मी. तेवढा वेळ तरी घरात बसून ते फोनकडे बघत नाहीत."

तोवर मुलांचं फारच बिघडलं होतं. मधुराचा आवाज इतका शांत झाला होता की ऐकवत नव्हता. बायको म्हणाली, विहीणबाईंना कळलंय, तुम्ही व्याह्यांना स्पष्ट सांगा, नाहीतर त्या माणसाला एकदम धक्का बसेल. म्हणून मी व्याह्यांना बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, बोलावलं. आजूबाजूला ताटांची आदळआपट, आणि आम्ही दोघं काळ्या कोपीचे, म्हणजे इथल्या कडक कॉफीचे, कप पुढ्यात घेऊन.

"व्याहीबुवा, हे गाडी लावून सुटण्यातलं नाही," मी म्हटलं.

"तुम्ही बँकेत हिशेब तपासायचात," ते म्हणाले. "तुम्हाला चूक झाल्यावर बोलवायचे. माझं काम चूक व्हायच्या आधीचं होतं."

"पण दोघं बोलतच नाहीत एकमेकांशी."

"माहीत आहे मला. निखिल सांगत नाही, पण बापाला आवाज कळतो." मग म्हणाले, "मला त्यांच्या मनात शिरता येत नाही हो. रस्त्यांत शिरता येतं. तेवढं तरी करू द्या."

मी दुसरी कोपी आणायला उठलो. इतके दिवस ज्याला आपण वेडा समजत होतो त्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं, हे काही फार सुखाचं ज्ञान नव्हतं.

मुलं यॉर्कला गेली. मला वाटतं, केवळ व्याह्यांचं मन मोडू नये म्हणूनच गेली. त्या शनिवारी संध्याकाळी व्याही-विहीणबाई आमच्याकडेच होते. मेसेज आला: "पार्क्ड." सोबत फोटो, दोन पांढऱ्या रेघांच्या बरोबर मधोमध उभी असलेली गाडी, मागे लिफ्टचं दार. व्याह्यांनी तो फोटो माझ्या बायकोला दाखवला, मला दाखवला, खाली कुरिअर घेऊन आलेल्या माणसालाही दाखवला. त्या संध्याकाळी ते दोन वाट्या श्रीखंड जेवले. आम्हा दोघांनाही, खोटं कशाला बोलू, थोडी आशा वाटली.

दुसऱ्या दिवशी मधुराचा फोन आला. "बाबा, आम्ही ठरवलंय, वेगळं व्हायचं," ती म्हणाली. मी काही विचारायच्या आत तिनेच सांगितलं. "पप्पांनी लिहिलं होतं तसंच सगळं झालं. जागा लगेच मिळाली. कोणी ओरडलं नाही. चर्चच्या मागे एक बाक आहे, तिथे गर्दी नसते, तिथे बसा, असं त्यांनी लिहिलं होतं, तिथे बसलो. किती दिवसांनी भांडायला काही कारणच नव्हतं. आणि मग लक्षात आलं की बोलायलाही काही नाहीये. निखिल म्हणाला, इनफ आता, ना? मी म्हटलं, हो. दोघंही रडलो. मग तो जाऊन माझ्यासाठी हॉट चॉकलेट घेऊन आला. बाबा, तो वाईट नाहीये."

व्याह्यांना निखिलने सांगितलं. ते मंगळवारी एकटेच आमच्याकडे आले, बसले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. "तो बाक मी शोधला होता," ते म्हणाले. "गर्दीत बसवायला हवं होतं त्यांना. गर्दीत भांडले असते, आणि भांडून का होईना, एका गाडीतून एका घरी गेले असते."

"गेले एका गाडीतूनच," माझी बायको म्हणाली. "आणि भांडत गेले नाहीत. एवढं तरी झालं."

मला तेव्हा त्यांचं सांत्वन करता आलं नाही. माझीच मुलगी होती आणि माझंही घर मोडलं होतं. पण या माणसाने आपल्या हाताने, आपल्या पोटच्या पोराला आणि माझ्या पोरीला, निरोप घ्यायला निवांत जागा शोधून दिली होती, आणि हे तो आता जन्मभर विसरणार नव्हता. मला त्यांची फार दया आली. ती मी तोंडाने बोललो नाही, कारण आमच्याकडे दोन पुरुषांत असलं बोलायची पद्धत नाही.

कागदपत्रं यथावकाश झाली. लग्नाने व्याही होतात, पण लग्न मोडल्यावर त्या माणसाला काय म्हणायचं हे आपल्यात कोणी ठरवून ठेवलेलं नाही. रविवारची जेवणं बंद पडली. कोणी बंद केली नाहीत, पण कोण कोणाला कुठल्या नात्याने बोलावणार? मधुरा शेफील्डला गेली, तिथे तिने एक लहानशी जुनी गाडी घेतली. व्याह्यांच्या मोबाइलवरचे ऋतू थांबले. विहीणबाई माझ्या बायकोला म्हणाल्या की आता ते नुसते खिडकीत बसतात.

मग परवा, बऱ्याच महिन्यांनी, मला त्यांचा मेसेज आला. शेफील्डच्या बागेत कंदिलांचा महोत्सव आहे, मधुरा जाणार असल्याचं विहीणबाईंना कळलंय, त्याची आखणी सोबत जोडली आहे. "मी थेट पाठवणं बरं दिसायचं नाही. तुम्ही तुमच्या नावाने पाठवा," असं वर लिहिलेलं. मी आखणी वाचली. या वेळी त्यांनी बागेजवळची जागा सोडून दिली होती. जरा लांबची, पण तळमजल्यावरची, भरपूर दिव्यांची, दाराशी पहारेकरी असलेली जागा निवडली होती आणि परतीचा रस्ता दुकानांच्या ओळीतून काढला होता. खाली कारण दिलं होतं: "येताना ती एकटी असेल."

मी तो मजकूर जसाच्या तसा मधुराला पाठवला, शेवटी माझं नाव घालून. तिचं उत्तर यायला वेळ लागला नाही. "पप्पांना सांगा, मी तिथेच लावीन."

हे फोनवरून पुढे पाठवावंसं वाटलं नाही, म्हणून मी एमआरटी धरून यिशुनला गेलो. दार त्यांनीच उघडलं. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून ते एक वाक्य वाचलं आणि फोन परत न देता तसेच उभे राहिले. आतून विहीणबाईंनी विचारलं, "कोण आलंय हो?"

ते माझ्याकडे बघत राहिले. काय सांगावं ते त्यांना सुचेना, मलाही सुचेना. मग त्यांनी बाजूला होऊन मला आत घेतलं आणि आत बघून, जरा चाचरत, म्हणाले, "आपले व्याही आलेत."