पंख्याखालची जागा

आमच्या थोरल्या साडूंइतका सुखाला चटावलेला माणूस नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत मिळून दुसरा सापडणार नाही, आणि सापडू नये अशीच माझी प्रार्थना आहे. एकाच माणसाने एवढा जीव खाल्ला, दोन कोणाला परवडणार? कचेरीतली कारकुनी करून ते निवृत्त झाले आणि शिरूर अनंतपाळला घर बांधून राहिले. सुखाने जगण्याचे त्यांचे काही नियम आहेत. लोक देवाधर्माचे नियम पाळतात, हे बुडाखालच्या सतरंजीचे पाळतात. पहिला नियम असा, की कोणाच्याही घरात शिरताना आधी छताकडे बघायचं. "गुरुजी, आधी पंखा पाहायचा, मंग माणसं," असं त्यांनी मला माझ्याच घरात, माझ्याच पंख्याखाली ऐसपैस बसून समजावलं होतं. "माणसं घरभर असतेत, पंखा एकच असतोय." ती जागा एकदा धरली की प्रत्यक्ष सासरे आले तरी हे हलत नसत. म्हातारा बिचारा दाराशी बसून टॉवेलनं वारा घ्यायचा आणि जावई "लई उकडायलंय आज" म्हणून त्याला दुजोरा द्यायचे.

प्रवासाचं तर विचारूच नका. एसटीच्या मागे पळायचं नाही आणि उन्हाच्या बाजूला बसायचं नाही, हा दुसरा नियम. हिमायतनगरला एका नातलगाच्या साखरपुड्याला निघालो होतो, तेव्हा सावलीची खिडकी मिळेना म्हणून या गृहस्थाने मलाही थांबवून तीन गाड्या सोडल्या. आम्ही पोचलो तेव्हा मांडव सोडणं चाललं होतं. मी शरमेनं अर्धा झालो. हे म्हणाले, "झाला न्हवं साखरपुडा? आपल्यावाचून अडला का? कशाला जीव जाळायलाव?"

बरं, अशा माणसाशी मनसोक्त भांडावं, तर तीही सोय नाही. वाद घातला की अन्न पचत नाही, हा त्यांचा आणखी एक नियम. तुम्ही काहीही बोला, ते मान हलवून "हाव, तुमचं बरोबर हाय" म्हणतात आणि स्वतःला हवं तेच करतात. शाळेत तीस वर्षं मुलांना वाद घालायला शिकवलेला मी, या एका वाक्यापुढे दर वेळी हात चोळत बसलो.

पण खरा घोळ घातला तो अकराच्या जेवणाने. जगबुडी झाली तरी अकराला ताटावर बसायचं. तीन वर्षांपूर्वी मुखेडला माझ्या मुलीचं लग्न होतं. मुहूर्त टळून गेला होता, वरात बाहेर नाचत होती, आणि कन्यादानासाठी मी सकाळपासून पाण्याच्या घोटावर होतो. अकरा वाजले आणि साडूंनी कार्यालयातल्या एकुलत्या एक चालू पंख्याखाली बसून घरून आणलेला डबा उघडला. भाकरी, ठेचा, वर कांदा! नेमकं तेव्हाच नवरदेवाचे काका आत डोकावले. "आमचा नवरदेव उपाशी, आन् मुलीकडचे जेवायलेत?" म्हणून ते असे रुसले, की त्यांच्या विनवण्या करता करता माझा घसा बसला. त्या भरात मी साडूंकडे वळलो आणि भरल्या मांडवात ओरडलो, "एक दिवस दुसऱ्यासाठी उपाशी राहता येत नाही तुम्हाला? स्वतःच्या सुखापलीकडे काही दिसतं का?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "हाव, तुमचं बरोबर हाय," म्हणाले, चपला घातल्या आणि गेले. अक्षता पडल्यावर मेहुणीही डोळे पुसत निघून गेली. तेव्हापासून येणं-जाणं बंद. दोघी बहिणी फोनवर बोलायच्या, तेही मी घरात नसताना. बायको मला एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच जास्त लागायचं. आपण जाऊन माफी मागावी असं मला शंभरदा वाटलं, पण नाक आडवं यायचं.

यंदा उन्हाळ्यात मला चक्कर आली. लातूरच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: जेवण वेळेवर, अकराच्या आसपास. धावपळ नको, उन्हात बसू नका, वाद टाळा. बायकोने कागद वाचला आणि घडी घालत म्हणाली, "हे तर आमचे दाजी कवाचे सांगायलेत."

मागच्या पंधरवड्यात तिला घेऊन मी शिरूर अनंतपाळला गेलो. अकरा वाजून गेले होते, म्हणजे साडू अर्थातच जेवत होते आणि अर्थातच पंख्याखाली. दोघी बहिणी दारातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभा. गाडीत चांगली चार वाक्यं जुळवली होती, पण ऐनवेळी एवढंच तोंडातून आलं, "साडभाऊ, त्या दिवशी माझं चुकलं."

त्यांनी तोंडातला घास सावकाश चावून संपवला.

"हाव, तुमचं बरोबर हाय."

मग अर्धं जेवलेलं ताट उचललं, गुडघ्यावर हात देत उठले आणि पलीकडे भिंतीशी जाऊन बसले. "बसा तितं. लई वाळलाव, गुरुजी. आधी जेवा."

मी बसलो. वारा थेट डोक्यावर येत होता. मेहुणीने पुढ्यात ठेवलेल्या ताटातली भाकरी मी मोडली. समोर ते उपरण्याने कपाळ पुसत जेवत होते. इतक्या वर्षांत त्या माणसाला घाम आलेला मी पहिल्यांदाच पाहिला.