भावाचा शब्द आणि बागेतला कावळा

माझ्या सख्ख्या भावाने माझा केसाने गळा कापला. हे आता मी सरळ सांगून टाकते. इतके दिवस मूग गिळून बसले होते, कारण त्याचं सांगायला गेलं की माझीही लबाडी बाहेर पडते. पडू दे! तशीही ती चारचौघांत पडलीच आहे.

बुऱ्हाणपूरच्या आमच्या घरात भाऊ, वहिनी आणि त्यांचा मुलगा पुढच्या भागात राहतात, मी मागच्या दोन खोल्यांत. मी शाळेत शिकवते, लग्न केलं नाही. आई होती तोवर ती माझ्याजवळ होती. आमच्या मागच्या दारातून उतरलं की बाग. बाग म्हणजे काय, कोणी बघायला आलं तर हसेल अशी. एक मोठा कडुनिंब, एक पेरू, मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या केळी, आणि आईला जिथे जे सुचलं तिथे ते लावलेलं. पण पाखरं विचाराल तर आख्ख्या गल्लीची आमच्याकडे. सकाळी सातला मी आणि आई चहाच्या आधी तिथे. चिमण्या-होल्यांना बाजरीची कणी, साळुंक्यांना भिजवलेली भाकरी. शाहपूरहून मामा केळी आणायचे, आखूड, वाकडी, व्यापारी बाजूला काढून टाकतो ती. आई ती सोलून तारेला अडकवायची आणि बुलबुल उलटे लटकून खायचे. सातभाई आले की नुसता कलकलाट. आई त्यांना म्हणायची, "आली बाई पंचायत!"

भावाचा कापडाचा धंदा. पॉवरलूमवरचं वाया गेलेलं सूत तो पोत्याने घरी आणायचा, पुसायला-बिसायला. आई त्यातलं थोडं कुंपणावर ठेवायची, पाखरांना घरट्यासाठी. पण आधी कात्रीने बोटभर-बोटभर तुकडे करायची. एकदा लांब धाग्यात पाय अडकून चिमणीचं पिलू मेलं होतं, तेव्हापासून. दुपारभर कात्री घेऊन बसलेली असायची आणि मी चिडवायचे की आई, तू काय पाखरांची शिंपीण आहेस का. ती म्हणायची, "तू पेपर तपास गुपचूप."

कावळ्यांचं सगळ्यांत शेवटी. आई हातातल्या अंगठीने वाटीवर दोनदा वाजवायची, टण् टण्, की निंबावरून कावळे खाली. त्यात एकाच्या चोचीचं वरचं टोक तुटलेलं होतं. तो आईच्या पायापाशी येऊन खायचा. आईचा हात कापायला लागला तेव्हा ते काम माझ्याकडे आलं, अंगठीसकट. कावळ्यांनी काही फरक केला नाही. टण् टण् केलं की हजर.

या जागेवर भावाचा डोळा होता. गोदाम बांधायचं होतं त्याला. दोनदा टेप लावून जागा मोजून झाली होती. आईला ते दिसत नव्हतं थोडंच! शेवटच्या आजारपणात तिची खाट मागच्या दारापाशी होती, आणि भाऊ जवळ बसला की ती एवढंच म्हणायची, "माझ्यामागे बाग मोडू नको रे." भाऊ म्हणायचा, "हो आई, तू टेन्शन नको घेऊ." हो म्हणायचा, पण मोडणार नाही असं काही म्हणायचा नाही. हे आईच्याही लक्षात आलं होतं आणि माझ्याही.

मार्गशीर्षात आई गेली. दहाव्याला सगळे तापीच्या घाटावर. आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत, मी गेले. कोण अडवतं बघू म्हटलं. कोणी अडवलं नाही, उलट वहिनीही माझ्यामागून आल्या. घाट आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं, आणि तिथे घिरट्या घालणारे कावळे बरेचसे आमच्याच निंबावरचे. त्यात तो तुटक्या चोचीचाही होता. समोरच्या भिंतीवर बसून बघत होता.

पिंड मांडले. कावळा काही शिवेना. आमच्याकडे अशा वेळी गेलेल्या माणसाची इच्छा ओळखायची असते. घरचे हात जोडून एकेक वचन देतात आणि मनातलं बोललं गेलं की कावळा शिवतो. मामा म्हणाले, "बोल रे, ताईच्या मनात काय होतं ते बोल." भाऊ बोलायला लागला. नातवाचं लग्न थाटात करीन. कावळा ढिम्म. बहिणीला अंतर देणार नाही. म्हणजे मला. त्यालाही कावळा हलला नाही. शाहपूरच्या देवळात अन्नदान करीन. वहिनी म्हणाल्या, मी मोठ्या पाटल्या नणंदेला देईन, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. मला अशा वेळीही हसू आलं. ऊन चढलं होतं. गुरुजी दोनदा म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवू का? क्या है, आगे भी जाना है."

मी भावाकडे बघत होते. सगळ्यांना माहीत होतं काय राहिलंय ते. मामांनी शेवटी त्याच्या दंडाला धरलं, "अरे बागेचं बोल की!" तेव्हा तो बोलला. मोठ्याने, सगळ्यांसमोर. "आई, मागची बाग तशीच ठेवीन. निंबाला हात लावणार नाही. तुझ्या पाखरांचं दाणापाणी चालू राहील."

सगळे भिंतीकडे बघायला लागले. कावळा मान वाकडी करून बसलेला. मी मनात मोजत होते. गुरुजींनी दर्भाकडे हात नेला. दर्भाचा कावळा शिवला तर तो खरा कावळा शिवल्यासारखं नाही, भाऊ उद्या म्हणेल आईने ऐकलंच नाही. माझ्या हातात पाण्याचा लोटा होता. मी पदराखाली अंगठीने त्याच्यावर दोनदा वाजवलं. हळूच.

तो आला. सरळ पिंडाशी. भाताचं शीत उचललं, दुसरं उचललं, मग बाकीचे उतरले. मामा हुंदके द्यायला लागले, "बघ, बघ, जीव बागेत अडकला होता तिचा!" भावाने वाकून नमस्कार केला. मीही रडले, आणि खरं रडले. आता कोणाला पटो न पटो, मला तेव्हा दोन्ही खरं वाटत होतं. मी बोलावलं हेही, आणि आई आली हेही.

पुढचे पाच महिने भाऊ इतका चांगला वागला की मला लाज वाटायची, आपण याच्यावर संशय घेतला म्हणून. एकदा स्वतः बाजरीची थैली घेऊन आला. म्हणाला, "तेरे मेहमानों के लिए." मला केवढं बरं वाटलं! शाळेत मैत्रिणींना सांगत सुटले, माझा भाऊ सुधारला म्हणून.

वैशाखात मामाच्या धाकटीचं लग्न, शाहपूरला. मी चार दिवस आधी गेले, हळद दळण्यापासून हात होता माझा. भाऊ-वहिनी लग्नाच्या दिवशी आले. पंगतीत भाऊ माझ्या शेजारी बसला, माझ्या पानात स्वतः जिलबी वाढली, आणि म्हणाला, "दोन दिवस राहा अजून. घाई काय आहे? शाळेला सुट्टीच आहे ना." मी म्हटलं, पाखरांचं? म्हणाला, "मी बघतो ना." मी राहिले. मूर्ख बाई, राहिले!

बसमधून उतरून ऑटोने घरी आले तर गल्लीतूनच आभाळ मोकळं दिसलं. निंब नव्हता. मागच्या दारात गेले तर पेरू नाही, केळी नाहीत, गिट्टीचा ढीग आणि कटर मशीनवाले दोघं फांद्या ट्रॉलीत भरत होते. म्हणाले, तीन दिन से काम चालू है. म्हणजे मी जिलबी खात होते तेव्हा इथे झाड पडत होतं, आणि शेजारी बसलेल्या माणसाला ते माहीत होतं. फांद्यांच्या ढिगात घरटी होती. कावळ्याचं एक, तारा आणि काड्यांचं, आणि आत आमचंच सूत, बोटभर कापलेलं. बाजूला पिलं पडली होती. किती ते मी मोजलं नाही.

मी वाकले आणि डोक्यावर फटका बसला. कावळे. वरून एकामागून एक झेपावत होते, माझ्यावर. कामगारांवर नाही, ते टोप्या घालून होते, सरावले होते. मी दोन्ही हातांनी डोकं झाकून घरात पळाले. कपाळाला रक्त आलं होतं. त्यांचं तरी काय चुकलं? रोज बोलावणारी मी, आणि पिलांपाशी उभी तीही मीच. आठ दिवस मला छत्री घेतल्याशिवाय बाहेर पडता आलं नाही.

संध्याकाळी भाऊ दुकानातून आला. मी ओसरीवरच गाठला त्याला. "आईला शब्द दिला होतास. दहाव्याला, सगळ्यांसमोर!"

तो चपला काढत होता. अगदी शांत. म्हणाला, "आईला दिला? लोट्यावर अंगठी कोणी वाजवली गं?"

मी अंगठीचा हात पदराखाली घेतला.

"मी डोळे मिटले नव्हते. तू वाजवलंस आणि तुझा कावळा आला. तुझ्या वाटीला सोकावलेला. उसमें आई कहाँ से आई? मग मी शब्द दिला कोणाला, कावळ्याला?" आणि मग वर म्हणाला, "पाच महिने बोललो नाही मी, लोकांनी तुला हसू नये म्हणून. उपकार मान."

रोज चाळीस पोरांना गप्प करणारी मी, तशीच वळून माझ्या खोलीत गेले. कारण तो खोटं बोलत नव्हता. मी आईसाठी वाजवलंच नव्हतं. मी त्याला बांधून घ्यायला वाजवलं होतं, आणि मी मारलेली गाठ त्याने त्याच दिवशी बघून ठेवली होती. कुठून सोडवायची ते त्याला माहीत होतं. फक्त माझ्या गावाला जाण्याची वाट बघत होता.

वर्षश्राद्धाला सगळे पुन्हा जमले. गोदामाच्या नव्या फरशीवरच पानं मांडली होती. मामा मागच्या दारातून आले आणि थबकले. "बाग कुठे गेली रे?" भाऊ पाणी वाढत होता. "अरे, शब्द दिला होतास ना ताईला?" सगळे हात थांबले. मला वाटलं, आता तरी याची मान खाली जाईल. मी वाट बघत होते त्या क्षणाची, खरंच बघत होते.

भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "हिला विचारा."

मी सांगितलं. दुसरं काय करणार होते? लोटा, अंगठी, सगळं. आणि म्हटलं, मी वाजवलं तरी शब्द याने दिलाच होता ना, तुम्ही ऐकलात ना? पण ते कोणी ऐकायला तयार नव्हतं. मामी तोंडाला पदर लावून रडायला लागल्या, "म्हणजे ताई अजून अडकलेल्याच की काय!" मामांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, "माझ्या बहिणीच्या दहाव्याला तू खेळ केलास?" लहानपणापासून माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता त्यांनी.

"जाऊ द्या मामा," भाऊ म्हणाला. "तिचा जीव होता पाखरांवर. चुकली. मी वर्षभर कोणाला कळू दिलं नाही, आता तुम्ही विचारलंत म्हणून."

सगळ्यांदेखत त्याने मला माफ केलं! मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मन मोठं आहे रे तुझं." बागेचं पुन्हा कोणी काढलं नाही. खीर वाढायला सुरुवात झाली, माझ्या पानात त्यानेच वाढली, आणि सगळे बघत होते म्हणून मी ती खाल्ली.