मामींच्या गुडघ्यांपुरतं ऊन

सुखी राहायचं असेल तर माणसाने आयुष्यात काहीही करावं, फक्त माझ्या बायकोच्या मामांबरोबर गंगापूर रोडवरून पायी जाऊ नये. मी गेलो आहे. दीड किलोमीटरला अडीच तास लागतात आणि परतल्यावर माणूस स्वतःच्या घराकडेही संशयाने बघू लागतो. मामा आर्किटेक्ट. आता निवृत्त आहेत, म्हणजे लोकांनी त्यांना घरं बांधायला सांगणं बंद केलं आहे. लोकांनी बांधलेल्या घरांबद्दल दुःख करण्याचं काम मात्र पूर्णवेळ चालू असतं. नव्या इमारतीसमोर ते थांबतात, चष्मा पुसतात, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतो तशा आवाजात म्हणतात, "जावईबापू, हिचं डोकं धडाला मोठं आहे." पुढच्या इमारतीपाशी, "या बाल्कनीत माणूस उभा राहू शकतो. बसला तर उठू शकत नाही." एकदा भाजीची पिशवी घेऊन फाटकातून आत निघालेल्या एका अनोळखी गृहस्थाला त्यांनी थांबवलं. "तुमच्याकडे भर सकाळी दिवे लावावे लागतात ना?" तो बिचारा म्हणाला, "हो. का?" मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर डोळे मिटले आणि पुढे चालू लागले. त्या गृहस्थाने संध्याकाळी नक्की रक्त तपासून घेतलं असणार.

लोक सदऱ्याच्या खिशात पेन ठेवतात, मामा मोजायचा टेप ठेवतात. लग्नाचा मांडव, बँकेचं काउंटर, दवाखान्यातला पलंग, सगळं त्या टेपखालून गेलेलं आहे. माझं लग्नही त्यानेच ठरवलं. माझ्या बायकोला आधी आलेली दोन स्थळं मामांनी मोडली होती. पहिला मुलगा इंजिनियर होता, पण त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या एका उंचीच्या नव्हत्या. "ज्या घरात रोज चौदाव्या पायरीला ठेच लागते, तिथे मुलगी द्यायची?" दुसऱ्याच्या घरी दुपारी दोन वाजता ट्यूबलाइट चालू होती, तिथे ते चहासुद्धा न पिता उठले. आमच्याकडे पोहे खाता खाता ते एकाएकी स्वयंपाकघरात शिरले. आई भांबावून ओट्याला चिकटून उभी राहिली आणि मामांनी खिडकी मोजली. मग बाहेर येऊन भरल्या बैठकीत निकाल दिला, "मुलगा साधारण आहे. खिडकी उत्तम." त्या खिडकीच्या पुण्याईवर मी बावीस वर्षं संसार करतो आहे.

गिऱ्हाइकांशी त्यांचं फार काळ कधी पटलं नाही. सायखेड्याच्या एका द्राक्षबागायतदाराने घर बांधायला दिलं, तेव्हा मामांनी पहिल्याच बैठकीत त्याला तासभर उन्हावर व्याख्यान दिलं. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "साहेब, ऊन शेतात लय हाय. दिवसभर तेच खातो आमी. घरात कशाला आनता?" मामा म्हणाले, "शेतातलं ऊन राबायचं. घरातलं बसायचं." त्यावर त्याने बराच विचार केला आणि विचारलं, "मंग तितं पंखा कुटं लावायचा, त्ये बी सांगून ठेवा." मामा दोन दिवस जेवले नाहीत. पण घर झालं, आणि आता त्या उन्हाच्या खोलीत त्याची म्हातारी आई दुपारभर पापड वाळवत बसते. आपल्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं यश म्हणून मामा हे पापडच सांगतात.

स्वतःचं घर मात्र त्यांनी एका खिडकीभोवती बांधलं. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचा लहानसा बंगला आहे. बैठकीत आग्नेयेकडे एक उभी खिडकी. रुंदी तीन फूट, उंची पाच. "यापेक्षा रुंद केली की दुकान होतं आणि उंच केली की देऊळ." तिच्यासमोर मामींची वेताची खुर्ची. नाशिकच्या थंडीत मामींचे गुडघे असे आखडतात की सकाळी त्यांना ओट्यापाशी उभं राहवत नाही. म्हणून मामांनी सूर्य, भिंतीची जाडी, छज्जा आणि मामींची उंची यांचं गणित मांडून अशी व्यवस्था केली की संक्रांतीच्या सकाळी सव्वाआठला ऊन बरोबर गुडघ्यांवर यावं. फरशीत त्यासाठी पितळेची पट्टी बसवली आणि खुर्चीच्या चार पायांना चार खुणा केल्या. फरशी पुसताना खुर्ची दोन बोटं सरकली तर मामांना घरात चोर शिरून गेल्यासारखं वाटायचं. दर संक्रांतीला आम्ही नातेवाईक सकाळी आठला तिथे हजर. ऊन पट्टीवर आलं की मगच तिळगूळ. एका वर्षी ढग आले, तर ऊन आलं असतं आणि आता निघूनही गेलं असतं, हे मामांनी कागदावर सिद्ध करीपर्यंत आम्ही डब्याभोवती सुतकात बसल्यासारखे बसून होतो.

या सगळ्या गणितात एकच गोष्ट धरायची राहिली होती. खिडकीसमोरचा मोकळा प्लॉट दुसऱ्याचा होता.

तो विकला गेला आणि तिथे सात मजल्यांची इमारत ठरली. तिचा आर्किटेक्ट निघाला मामांचाच जुना विद्यार्थी. मामींनी आयुष्यात पहिल्यांदा इमारतीच्या विषयात तोंड घातलं. "उत्तरेला त्यांचं पार्किंग आहे म्हणे. ते दक्षिणेला घ्या आणि इमारत दहा फूट उत्तरेकडे सरकवा, म्हणजे दक्षिणेच्या बाजूने ऊन येत राहील, एवढंच त्याला सांगा. दुसरं काही बोलू नका. जावईबापू, तुम्ही बरोबर जा."

मी गेलो. विद्यार्थ्याने मामांना वाकून नमस्कार केला, चहा मागवला, नकाशा पसरला. मामांच्या ओठांवर 'दहा फूट' आलेले मी डोळ्यांनी पाहिले. तेवढ्यात त्यांची नजर इमारतीच्या मामांच्या घराकडे येणाऱ्या बाजूवर गेली. तिथे वरपासून खालपर्यंत न्हाणीघरांचे झरोके आणि पाइप होते.

"हे काय?"

"सर, ती मागची बाजू आहे."

"कुणाची मागची? मला तर जन्मभर समोर दिसणार आहे."

झालं. मामांनी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली. पाइप आत गेले, झरोके पलीकडे गेले, खोल्या इकडे आल्या, आणि त्या आंधळ्या भिंतीवर एकेक उभी खिडकी उमटू लागली, रुंदी तीन, उंची पाच. विद्यार्थी पुन्हा वीस वर्षांचा होऊन तोंड उघडं ठेवून बघत होता. चहा तीनदा निवला. मी दोनदा खोकलो. शेवटी म्हणालो, "मामा, मामींनी सांगितलेलं..." ते वर न बघता म्हणाले, "थांबा हो. आधी हिचं तोंड धुऊन होऊ दे." तीन तासांनी आम्ही बाहेर पडलो. मामा इतके आनंदात होते की वाटेतल्या एकाही इमारतीची त्यांनी निंदा केली नाही.

दारात मामींनी विचारलं, "काय म्हणाला?"

"खिडक्या सुधारल्या त्याच्या," मामा म्हणाले.

"आणि दहा फूट?"

मामा एक चप्पल काढून, एक पायात ठेवून तसेच उभे राहिले. मग त्यांनी फोन लावला. विद्यार्थी पलीकडून अजिजीने म्हणाला, "सर, तुम्ही निघताच मी मालकांना फोन केला. ते कसेबसे एका बदलाला तयार झाले. तुमच्या खिडक्या मी मान्य करून घेतल्या. आता दुसरं काही मागितलं तर ते मलाच काढतील."

मामी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी गुडघे तुमच्या खुणेवर ठेवून बसले. त्यांच्यासाठी एक वाक्य बोलायचं होतं."

इमारत चढत गेली. एकेका स्लॅबबरोबर पट्टीवरचं ऊन उशिरा येऊ लागलं, मग अर्धंच येऊ लागलं, मग येईना. मामांचं फिरायला जाणं बंद झालं. टेप खिशातून टीव्हीच्या कपाटावर गेला आणि तिथेच राहिला. मी मुद्दाम एका नव्या भयानक इमारतीचं वर्णन केलं, वरती कारंजं आहे असंही ठोकून दिलं. मामा म्हणाले, "असेल. राहतील लोक."

यंदाच्या संक्रांतीला सवयीने आम्ही आठ वाजता गेलो. बैठकीत ट्यूबलाइट चालू होती. त्या घरात दिवसा दिवा मी पहिल्यांदा पाहिला. सव्वाआठ झाले, नऊ झाले, डब्याला कुणी हात लावेना. मामी म्हणाल्या, "वाटून टाका." मामा म्हणाले, "असू दे." बाकीचे जेवून गेले. मी आणि बायको उगाच रेंगाळलो.

दुपारी सव्वाचारच्या सुमारास मामी शाल घेऊन खुर्चीत बसल्या होत्या, आणि फरशीवर ऊन पडलं. आग्नेयेच्या खिडकीतून, दुपारी. मी डोळे चोळले. मामा खिडकीशी गेले. समोरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, त्यांनीच काढलेल्या खिडकीच्या काचेवर, आमच्या पाठीमागे कलणारा सूर्य पडला होता आणि तिथून परतून घरात येत होता. रुंदी तीन, उंची पाच. फक्त तो पितळी पट्टीपासून दोन हात डावीकडे पडला होता.

मामा त्या तुकड्याकडे वळले. मग मामींना म्हणाले, "अगं, जरा ऊठ."

"आता काय मोजायचंय?"

त्यांनी खुर्ची उचलली, चार खुणांवरून चारही पाय सुटले, आणि ती दोन हात डावीकडे नेऊन ठेवली. मामी बसल्या. ऊन गुडघ्यांवर आलं.

"लागतंय का?" मामांनी विचारलं.

"कोमट आहे," मामी म्हणाल्या, आणि त्यांनी तिळगुळासाठी हात पुढे केला.

दहा-बारा मिनिटं ते ऊन राहिलं. चौथ्या मजल्यावर अजून कुणी राहायला आलेलं नाही. आले की ग्रिल बसवतील, धुणं वाळत घालतील. मामांना हे माझ्याआधी कळलं असणार. आता ते खडू आणून खुर्चीच्या पायांना नव्या खुणा करतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी लाडवाचा अर्धा तुकडा तोडून मामींच्या हातावर ठेवला आणि खुर्चीच्या बाजूला फरशीवरच बसले. खुणा केल्या नाहीत.