तात्यांची फोनची पाळी

तात्यांचा चेहरा मला भुवयांच्या वरचा तेवढाच ठाऊक होता. रोज सकाळी व्हिडिओ कॉल लागला की माझ्या लॅपटॉपवर एक पांढरी टोपी, तिच्याखाली तीन आडव्या आठ्या आणि मागे भिंतीवरचं कॅलेंडर एवढंच दिसायचं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "तात्या, मोबाईल जरा लांब धरा." तर म्हणाले, "तोंड बघून काय करताय ताई? काम कानाचं हाय." मोबाईल काही लांब गेला नाही.

ते शेळगावात होते आणि मी अकोल्यात. शेळगावातली एक छोटी संस्था आसपासच्या वाड्यावस्त्यांवर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन करून त्यांची खुशाली विचारायची. संस्था म्हणजे एक खोली, एक निवृत्त मास्तर, ज्यांना सगळे सर म्हणत, आणि तात्या. फोनचं काम इतकी वर्षं तात्यांनीच केलेलं. पण त्यांचा एक कान पूर्ण गेला होता आणि दुसरा जायच्या वाटेवर होता. पुण्याच्या एका देणगीदाराने संस्थेला सॉफ्टवेअर दिलं आणि घरून काम करणारी व्हर्च्युअल असिस्टंट ठेवायला सांगितलं. माझं बाळ तेव्हा सात महिन्यांचं होतं, घर सोडणं शक्य नव्हतं, अशी मी त्या कामाला लागले. माझ्याआधी चौघी येऊन गेल्या होत्या हे मला मागाहून कळलं. तात्यांना एकच घाई होती: दुसरा कान जायच्या आत कुणाला तरी सगळं शिकवून मोकळं व्हायचं.

तात्यांची सगळी नोकरी पाटकरी म्हणून झाली. कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ सोडायचं ते पाटकरी बघतो. त्यामुळे माणसं त्यांच्या डोक्यात गावांप्रमाणे नव्हती, चाऱ्यांप्रमाणे, म्हणजे कालव्याच्या फाट्यांप्रमाणे होती. सॉफ्टवेअरमध्ये नावं बाराखडीने लावलेली पाहून ते आठवडाभर कुरकुरत होते. "टेलपासनं वाजवा," हे त्यांचं पहिलं वाक्य आणि शेवटचंही. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. "वरच्यांना काय, पानी बी पोचतंय आन् फोन बी. टेलच्या माणसाला रोज वाटतंय, आज आपल्याला इसरले." मग मी बाराखडी सोडली आणि शेवटच्या चारीवरच्या हौसामावशींपासून सुरुवात करू लागले.

पहिले तीन दिवस त्यांनी मला फोन करू दिला नाही. मी नुसती वही घेऊन बसायची आणि ते सांगायचे. कुणाचा फोन देवळीत असतो, कुणाला गुडघ्यामुळे उठायला वेळ लागतो, कुणाच्या मागे गिरणीचा आवाज येतो. "गिरनीचा आवाज न्हाय आला तर घाबरू नका, तितं लाईट गेली आसंल. कोंबडा न्हाय आला तर इचारा." मी एमबीए आहे हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

माझ्या वऱ्हाडी बोलण्याची ते मनसोक्त टर उडवायचे. मी एकदा "काहून?" म्हणाले, तर टोपी हलायला लागली, म्हणजे ते हसत होते. "ताई, आमची म्हातारी मानसं घाबरतील. त्यांना वाटंल कुनी साहेब चौकशीला आलाय." मीही हसले, पण ते मनाला कुठेतरी लागलं होतं. पुढे जे झालं त्याला हे कारण झालं, म्हणून सांगते.

मी फोन सुरू करणार त्याच्या आदल्या दिवशी तात्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं, नवीन ताई बोलणार हाय, समद्यांनी उचला. सगळ्यांनी उचलले. हौसामावशींनी तर माझ्या बाळाचं नाव विचारलं, त्याला दात आले का विचारलं, आणि कोंबड्याला हुसकून परत बोलायला आल्या. एक आठवडा असा छान गेला. दुसऱ्या आठवड्यात लोक फोन कापायला लागले. दोन रिंगा गेल्या की कट. स्क्रीनवर लाल अक्षरांत यायचं, 'नाकारला'. हौसामावशींनी तीन दिवस लागोपाठ कापला. मला वाटलं, माझं बोलणं यांना आवडत नाही. नवलाई संपली आणि परकी बाई नको झाली.

तात्यांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण ते पुन्हा हसतील असं वाटलं. सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, तीनदा नाकारणाऱ्याला त्रास देऊ नये, त्याचं नाव आपोआप यादीतून निघेल. मला ते सोयीचं वाटलं. यादी रोज लहान होत गेली आणि मी रोज लवकर मोकळी होऊन बाळाला अंघोळ घालू लागले.

हौसामावशी न्हाणीत पडल्या. शेजारच्या वस्तीवरच्या बाईला त्या दुसऱ्या दिवशी दिसल्या. इंदापूरला नेलं, पण वाचल्या नाहीत. ती शेजारीण सरांना म्हणाली, "मावशी आठ दिस म्हनत हुती, टेलला आता फोन बी यायचा बंद झाला."

त्या दिवशी तात्यांनी व्हिडिओ कॉल लावला. "तिला फोन का न्हाय गेला?" मी सांगितलं, त्यांनी तीनदा कापला. स्क्रीनवरून टोपी गेली. छत आणि पंखा दिसत राहिला. मला वाटलं, रेंज गेली. मग आवाज आला, "कापला म्हंजी ती बरी हुती की वो ताई."

तिकडची रीत अशी होती. तात्यांची रिंग आली की बरं असलेल्या माणसाने कापायची. बोलायचं असलं तर उचलायची. आणि नुसतीच वाजत राहिली तर तात्या सायकल काढणार. आपल्या शेताचं भिजून झालं की दार बंद करून पाणी पुढच्याला सोडायचं, तसंच हे. आपण बरे आहोत ना, मग तात्यांचा वेळ पुढच्या म्हाताऱ्याला जाऊ दे. मी ज्याला माझ्यावरचा राग समजत होते, ती त्यांची माणुसकी होती. मी यादीतून गळू दिलेली अकराच्या अकरा माणसं, हौसामावशीसुद्धा, नाव गळालं त्या दिवशी खुशाल होती.

"तुम्ही हे मला सांगितलं नाही, तात्या," मी म्हटलं.

"हे काय सांगायचं आसतं व्हय? मला वाटलं, समद्या दुनियेत असंच करत्यात." मग म्हणाले, "चूक माझी हाय. दार उघडायचं कसं ते शिकवलं. पानी पोचलं ते वळखायचं कसं, ते शिकवायचं ऱ्हायलं." ते मला रागावले असते तर फार बरं झालं असतं. त्यांनी चूक स्वतःकडे घेतली आणि माझ्याजवळ ती तशीच राहिली, आजही आहे.

मी सॉफ्टवेअरवाल्यांना विनवून पाहिलं, 'कापला म्हणजे बरा' असा एक रकाना द्या. ते नम्रपणे म्हणाले, एका संस्थेसाठी असं करता येत नाही. मग मी सगळी नावं पुन्हा भरली, तात्यांनी सांगितलेल्या रिंगा वहीत लिहिल्या आणि रोज हाताने जुळवू लागले. दोन महिने मी हे काम त्यांच्यासारखं केलं, एवढं मी म्हणू शकते. त्याच दोन महिन्यांत त्यांचा दुसरा कान गेला.

आणि मग देणगीदाराने असिस्टंट बंद करून रेकॉर्ड केलेला आवाज आणला. बरे असाल तर एक दाबा, मदत हवी असेल तर दोन दाबा. म्हाताऱ्यांनी एकही दाबला नाही आणि दोनही नाही. रिंग आली, ते बरे होते, त्यांनी कापला. यंत्राने एकेकाला गाळलं. महिन्याभरात जवळजवळ सगळी यादी रिकामी झाली. अहवालात आलं, की लाभार्थींना सेवेत रस नाही. सरांनी तो अहवाल मला फोनवर वाचून दाखवला आणि म्हणाले, "कुणाशी भांडू मी आता?"

त्याआधी, कामाच्या माझ्या शेवटच्या दिवशी, मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं, 'तात्या, येते.' आठ्या जवळ आल्या, त्यांनी वाचलं. म्हणाले, "मला आता काय बी ऐकू येत न्हाय. पन रोज वाजवत जावा. खिशात थरथरलं की कळतंय." मी वर्षभर रोज साडेसातला वाजवलं. त्यांनी रोज दुसऱ्या रिंगला कापलं. आमचं बोलणं तेवढंच, आणि मला ते पुरायचं.

मागच्या महिन्यात एका सकाळी फोन उचलला गेला. पलीकडे त्यांची सून होती. "कोन बोलतंय? तात्या गेलं की काल दुपारच्याला." काल सकाळी त्यांनी दुसऱ्याच रिंगला कापला होता. सकाळी ते बरे होते.

मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, "रोज येतो तो फोन तुमचा व्हय? आमाला वाटायचं कंपनीचा हाय, म्हातारं रोज कापतंय." मग रडवेल्या आवाजात तिने विचारलं, "पन कापायचंच हुतं तर कशाला वो लावत हुता?"

दुपारी सरांनी संस्थेच्या ग्रुपवर तात्यांचा फोटो टाकला. तात्यांना भरघोस मिशा होत्या.

दुसऱ्या दिवशी साडेसात वाजता सवयीने फोन हातात घेतला. ते काम मला आता नीट येतं. कुठून सुरू करायचं, कुणाला किती रिंगा द्यायच्या, कधी घाबरायचं, सगळं वहीत लिहिलेलं आहे. फक्त नंबर सॉफ्टवेअरमध्ये होते आणि काम सुटलं तेव्हाच माझ्यासाठी ते बंद झाले. माझ्याकडे एकच नंबर होता.