आमरीचं बारसं

आमच्या आतोबांइतकं निरुपयोगी कामात गढून गेलेलं माणूस सगळ्या मध्यप्रांत-वऱ्हाडात दुसरं नसेल, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. वडनेर भोलजीला त्यांची कपाशीची चांगली जमीन होती. पण बोंडं फुटून कापूस वाऱ्यावर उडू लागला तरी हे गृहस्थ परसातल्या आंब्याखाली मान वर करून उभे. त्या आंब्यावर आणि पडवीत टांगलेल्या बांबूच्या टोपल्यांतून त्यांनी सातपुड्यातून आणलेल्या आमरी जगवल्या होत्या. आमरी म्हणजे झाडाच्या फांदीवर, मातीवाचून वाढणारी ती फुलझाडं. उन्हाळ्यात घरातली माणसं उकडून निघत आणि वाळ्याचे ओले पडदे आमरीभोवती. एकदा नांदुऱ्याहून आगगाडीनं जाताना त्यांनी मांडीवरच्या रोपासाठी सगळ्या डब्याच्या बिड्या विझवायला लावल्या. "लहान जीव हाये, धूर सोसत नाई," एवढंच म्हणाले. लोकांनी बिचाऱ्यांनी उपरण्याखाली बाळ असेल असं समजून विझवल्याही.

त्यांचा खरा ध्यास मात्र वेगळाच होता. आमरी लावणाऱ्यांना आमरीच्या अंगोपांगांसाठी मराठी शब्द हवेत, हा तो ध्यास. जंगल खात्याच्या एका साहेबाकडून त्यांनी इंग्रजी ग्रंथ मिळवला होता, आणि त्यातला एकेक लॅटिन शब्द वाचताना ते दाढ दुखल्यासारखा चेहरा करीत. आता वऱ्हाडात आमरी लावणारे किती? एक आतोबा, आणि दुसरे नांदुऱ्याचे एक कापसाचे व्यापारी खानसाहेब, ज्यांच्या गळ्यात आतोबांनीच एक रोप बांधलं होतं. खानसाहेब भेटले की हात जोडत. "दादा, तुमची बेगम मरत बी नाई अन् फुलत बी नाई. मी करू तं काय करू?" या दोघांसाठी परिभाषा!

आणि शब्द ठरवायची रीत तर जगावेगळी. बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं, ही आपली चाल. माझ्या आत्यानं आमच्या घराण्यातल्या सगळ्या पोरांची नावं ठेवली, माझंही. तिच्या स्वतःच्या घरात मात्र पाळणा कधी टांगला गेला नाही. आतोबा म्हणत, "सारं गाव हिले आत्या म्हनते, तं आमरीची बी हेच आत्या." फूल उमललं की ते टोपलीसकट स्वयंपाकघरात जात. "अवं, ह्याले काय म्हनाव?" आत्या पिठाच्या हातानं पदर सारून एकदा निरखून पाही आणि सांगे. बुडाशी फुगलेल्या दांड्यात पाणी साठतं, तो गडू. हवेत लोंबणारी पांढरी मुळं, त्या शेवया. मधमाशी येऊन टेकते ती पुढची रुंद पाकळी, तो ओटा. आणि फुलाच्या मधोमध खांबाच्या टोकावर बसलेलं इवलंसं झाकण, ते टोपडं. शब्द ठरला की गावात घुगऱ्या वाटल्या जात, अगदी खऱ्या बारशासारख्या.

मी पत्रकं वाचत वाढलो होतो आणि आता स्वतः लिहू लागलो होतो. देश बेड्यांत असताना फुलाच्या टोपड्यापायी हरभरे वाटणं मला गुन्हा वाटे, आणि मी तसं सुनावलं. आतोबा शांतपणे म्हणाले, "काऊन बे, स्वराज्य आल्यावर मधमाशीनं टेकाव कुठी?" एका पत्रकात मी जमीनदारांना 'रयतेच्या झाडावरच्या आमरी' म्हटलं, तेव्हा मात्र ते तडक आमच्या घरी आले, आत्याला बरोबर घेऊन. "बांडगूळ लिही! बांडगूळ झाडाचा रस पिते. आमरी नुसती बसते, खात नाई."

"मग तुम्ही कोण, आतोबा?"

"मी?" त्यांनी आत्याकडे पाहिलं. "मी बांडगूळच. तिले विचार."

एकच शब्द राहिला होता. टोपड्याखाली परागाचे दोन पिवळे चिकट कण असतात, असं ग्रंथात होतं. पण आतोबांनी ते कधी पाहिले नव्हते, कारण टोपडं उडालं की फूल दोन-तीन दिवसांत मान टाकतं. म्हणून फुलाला हात लावायची सगळ्यांना बंदी, आत्यालासुद्धा. मी सुचवलं, "परागपिंड म्हणा." आतोबा कडाडले, "पिंड कावळ्याले ठेवतात बे! बारशात कायचा पिंड?"

मग आत्याचे डोळे गेले. मोतीबिंदू वाढत गेला, आणि शेवटी तिला ऊन-सावली तेवढी कळू लागली. टोपल्या स्वयंपाकघरात जायच्या थांबल्या. आतोबांची एक पांढरी आमरी होती. कितीतरी उन्हाळे पडदे भिजवूनही न फुललेली. ती नेमकी तेव्हा फुलली. एकच फूल. सबंध पडवी वासानं भरून गेली, इतकी की आतोबा आणि मी हळू आवाजात बोलू लागलो. आत्या भिंत धरत धरत बाहेर आली.

"आली का वो?"

"आली."

"कशी हाये?"

पानाच्या देठावर तासभर बोलणाऱ्या आतोबांना काही सांगता येईना. "पांढरी हाये," ते म्हणाले. मग त्यांनी टोपली खाली उतरवली, आत्याचा हात धरला, आणि तिचं बोट फुलावर ठेवलं.

"आवो, फूल जाईन ना!"

"जाऊ दे. तू पाह्य."

तिचं बोट ओट्यावरून वर चढत गेलं, टोपड्याला लागलं. टोपडं सुटलं. तिनं हात मागं घेतला तर बोटाच्या टोकाला ते दोन पिवळे कण चिकटून आले होते, मोहरीहून लहान. तिनं बोट हलकेच झटकलं. ते सुटेनात.

"सोडत नाई वो," ती म्हणाली. "तान्हं लेकरू बोट धरते ना, तसं."

"मंग?"

"बोटधरं म्हना."

घुगऱ्या त्या दिवशी मीच वाटल्या. आत्यानं हात धुतला नाही, म्हणून भाकरी आतोबांनी थापल्या. उरलेल्या भाकरी गाईनंसुद्धा आधी हुंगून पाहिल्या. फूल तिसऱ्या दिवशी गळलं. पुढं परिभाषेचं पत्रक मी छापलं, आणि त्यात 'बोटधरं' हाच शब्द ठेवला. खानसाहेबांशिवाय ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

अजूनही मी पत्रकं लिहितो, तेवढ्याच त्वेषानं. पण कधी लेखणी मध्येच थांबते आणि त्या बारशाची संध्याकाळ दिसते. आत्या पडवीत बसलेली, एक बोट हवेत धरून. शेजारी आतोबा, त्या बोटाला वारा लागू नये म्हणून उपरण्याचा आडोसा धरून.