गुरुजींचा पाट

रविवारी सकाळी नऊला घरात आम्ही चौघंच होतो: मी, बायको, आमची मुक्ता आणि तिची वृंदा. दक्षिणेचे पाच हजार एक रुपये पाकिटात घालून पाटाशेजारी ठेवले होते. गुरुजींसाठी मांडलेला तो पाट रिकामाच होता.

मुक्ताच्या बारशापासून घरचं प्रत्येक कार्य त्यांनीच केलं. मुक्ता-वृंदाच्या या लग्नाचा मुहूर्तही त्यांनीच काढून दिला होता. आता ऐनवेळी फोनवर म्हणाले, "काय करणार भाऊसाहेब, दोन मुलींचं लग्न कायद्यात बसत नाही हो."

गेल्या महिन्यात विवाह नोंदणीच्या साहेबांनी कायद्याचं पुस्तक न उघडताच विचारलं होतं, "आपल्या धर्मात बसतं का हे?"

मी पाटाकडे बघत राहिलो. आयुष्यभर एकाकडे वेळेवर कर भरला, दुसऱ्याला न मागता दक्षिणा दिली. आज दोघंही एकमेकांच्या आड लपले आणि उघड्यावर राहिल्या माझ्या पोरी.

"आता या अक्षतांचा काय भात लावू?" बायको कडाडली. मग आम्हीच त्या दोघींवर टाकल्या.

दक्षिणेचं पाकीट मी दोघींच्या हातात दिलं. मुक्ता हिशेबाला माझ्यावर गेलेली. "अडीच-अडीच हजार. आणि वरचा रुपया?"

"तो मोडायचा नसतो," बायको म्हणाली. "तो दोघींचा मिळून."